जमायचं नाही

जुनी पागा, बडोदे
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौमित्र,

नलिनीमामीचे आशीर्वाद. तुला तीन वेळा फोन केला. दोनदा वाजून वाजून बंद पडला, तिसऱ्यांदा ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो’ असा तयार मजकूर आला. ते ‘नंतर’ अजून उगवलेलं नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. आमच्या गल्लीत तुमच्या कचेरीची पिवळी नोटीस लागली आहे. हरकती लेखीच द्यायच्या म्हणे, तोंडी चालणार नाहीत. तिथे एक पेटीही लटकवली आहे. पण पेटीची किल्ली तुमच्याच कचेरीत असते असं शेजारची मोहना म्हणते. म्हटलं, त्यापेक्षा टपाल बरं.

नोटिशीत लिहिलंय की कांस रुंद करण्यासाठी जुन्या पागेतली बावीस घरं हलवायला रहिवाशांनी एकमताने संमती दिली आहे. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. अरे, तो नाला, ती कांस, रुंद करा ना. गेल्या पुरात तिचं पाणी माझ्याच ओट्यावर चढलं होतं, गव्हाचं पिंप तरंगत होतं. तुमची ती परदेशी बँक मदत देते आहे तर नाला मोठा करा, आम्हाला हलवा, आमची ना नाही. पण हलवा कुठे, तर वाघोडियाच्या अलीकडे, चौथ्या मजल्यावर. आम्ही बारा बायका मिळून मकरपुऱ्याच्या कारखान्यांत दीडशे डबे पोचवतो. साडेबाराला तिथे सुट्टी होते. वाघोडियाहून गरम डबा साडेबाराला मकरपुऱ्यात कसा पोचणार? आणि चौथ्या मजल्यावर बारा जणींनी मिळून चूल कुठे मांडायची? बाकीच्यांचं सोड, मोहनाचं घर त्या डब्यांवरच चालतं.

हे मी डिसेंबरातल्या तुमच्या सभेत सांगितलं होतं. मंडपात टेबलामागे तू बसला होतास, शेजारी ती अहमदाबादची हेतलबेन लिहून घेत होती. माझ्या हातात माईक दिला आणि माझी गुजराती पळाली. भाजीवाल्याशी भांडायला ती पुरते, माईकसमोर नाही. म्हणून तुझ्याकडे बघून सरळ मराठीत म्हटलं, ‘आम्हांला तिकडे जमायचं नाही, मकरपुऱ्याच्या बाजूला जागा द्या.’ बायका धीर सोडत होत्या, त्यांना मीच सांगितलं की काळजी करू नका, टेबलापाशी आपला माणूस बसलाय.

तर मी बोललेल्याचं पुढे काय झालं, एवढंच कळव. हरकत द्यायला महिनाभर आहे. तब्येतीला जप. गांधीनगरच्या मेसमध्ये भात कच्चा असतो असं तू म्हणायचास, अजून तसाच आहे का?

तुझी मामी,
नलिनी

•

गांधीनगर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. मामी,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. फोन घेता आला नाही, खरंच कामात होतो. एक विनंती आधी करतो. पुढचं पत्र कचेरीच्या पत्त्यावर पाठवू नका. तिथे आलेल्या प्रत्येक पाकिटावर आवक क्रमांक पडतो, आणि तुम्ही वर ‘चि. सौमित्र’ लिहिलं होतं. घरचा पत्ता खाली देतो आहे.

आता कामाचं. लोकांना वाटतं, परदेशातून मदत आली की आम्ही ती वाटतो. तसं नसतं. आमचा कक्ष म्हणजे मधली खिडकी. बँक टप्प्याटप्प्याने मदत सोडते, आणि प्रत्येक टप्प्याआधी त्यांना कागद लागतात. लोकांना विचारलं का, किती लोकांना विचारलं, त्यांत बायका किती. फोटोत पुढच्या रांगेत किती बायका दिसतात, हेसुद्धा आम्ही बघतो. सभेचा वृत्तान्त गुजरातीत लिहिला जातो, मग इंग्रजीत होतो, मग तिकडे जातो. त्यात प्रत्येकाचं म्हणणं विचारात घेतलेलं असतं. वृत्तान्त सल्लागार संस्था लिहिते, तो माझ्या हातात नसतो.

माझं ऐकाल तर हरकतीच्या भानगडीत पडू नका. नवी घरं पक्की आहेत, लिफ्ट आहे. तुम्हाला तळमजला मिळेल असं मी बघतो. तेवढं माझ्या हातात आहे.

मेसमध्ये आता जेवत नाही, घरी डबा येतो. तुमच्यासारखा नसतो.

आपला,
सौमित्र

•

जुनी पागा, बडोदे
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौमित्र,

तळमजला नको. बावीस घरांत मला एकटीलाच तळमजला मिळाला तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरेल का?

तुझ्या हातात नसलेला तो वृत्तान्त आमच्या हातात आला आहे. मोहनाची शर्वरी कॉलेजला जाते, तिने तो तुमच्या प्रकल्पाच्या वेबसाइटवरून काढला. छापून आणला आणि माझ्या ओट्यावर बसून सगळ्यांना मराठी करून सांगितला. चौदाव्या परिच्छेदात असं आहे: ‘मराठी समाजाच्या महिलांनी आपण जेवणार नसल्याचे सांगितले. तरीही त्यांना अन्नाची पाकिटे घरी पोचवण्यात आली. अन्य कोणतीही हरकत नाही.’

आधी कुणाला काही कळेचना. मग मोहनाच्या डोक्यात प्रकाश पडला, ‘अहो, जमायचं नाही म्हणालात ना तुम्ही!’ आणि सगळ्या जणी पोट धरून हसलो. तुला आठवतं ना, मी लग्न होऊन साताऱ्याहून आले तेव्हाची गोष्ट? शेजारच्या सविताबेनने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘जम्या?’ मी समजले, विचारते आहे की सासरी जमलं का. लाजून म्हटलं, हो, जमलं हळूहळू. आणि ती गुजरातीत विचारत होती, जेवलीस का, तर त्या दिवशी माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तुझे मामा ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायचे. तूही शाळेत असताना सुट्टीला यायचास तेव्हा परत परत सांगायला लावायचास.

हसून झालं आणि मग हसू गेलं. दीडशे माणसांना रोज जेवू घालणाऱ्या बायका, आणि कागदावर उरल्या त्या पाकिटाला नाही म्हणणाऱ्या. शर्वरीने शेवटचं पान उलटलं. तिथे ‘तपासले’ असा शिक्का आहे आणि खाली तुझी सही आहे. ‘स’ची शेपटी तू अजून तशीच ओढतोस.

हेतलबेनला मराठी येत नाही, तिचा दोष नाही. तुझंही मी समजू शकते. दिवसाला शंभर कागद येत असतील, न वाचता सही केली असशील. वाचलं असतंस तर तुला तिथल्या तिथे कळलं असतं. गल्लीत मी तसंच सांगितलं आहे. आता एक दुरुस्तीचं पत्र टाक, की बाई जेवणाबद्दल बोलत नव्हत्या. दोन ओळींचं काम आहे.

मामी

•

गांधीनगर
३ मार्च २०२५

ती. मामी,

तुमचा अंदाज बरोबर आहे. न वाचता सही झाली. त्या आठवड्यात खूप कागद होते. माफ करा.

दुरुस्ती करीन, पण आत्ता नाही. १८ मार्चला बँकेचं पाहणी पथक येतं आहे. त्याआधी वृत्तान्तात बदल केला तर सगळाच वृत्तान्त संशयात येईल आणि पुढचा टप्पा अडेल. ते परत गेले की बघतो. हरकतीची मुदत संपली तरी दुरुस्ती होऊ शकते, त्याची काळजी करू नका.

पथकातल्या बाई गल्लीत येतील, काही घरांत जातील. कदाचित तुमच्याकडेही येतील. मीही बरोबर असेन. त्या सगळीकडे एक ठरावीक प्रश्न विचारतात, की प्रकल्पातला कुणी अधिकारी तुमच्या नात्यात किंवा ओळखीत आहे का. मामी, तुम्ही नाही म्हणा. कारण आत्ता लिहीत नाही. मोहनामावशींनाही सांगून ठेवा.

सौमित्र

•

जुनी पागा, बडोदे
२१ मार्च २०२५

सौमित्र,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. झालं ते लिहिते, कारण त्या वेळी तू उंबऱ्याबाहेर बूट घालून, फायलीत डोकं खुपसून उभा होतास. तुला किती ऐकू आलं मला ठाऊक नाही.

बाई आल्या त्या दिवशी सकाळी मी भिंतीवरचा फोटो उतरवला. तुला पदवी मिळाली तेव्हाचा, तू आणि मामा उभे आहात तो. ट्रंकेत ठेवला. फोटोच्या जागी भिंतीवर फिका चौकोन राहिला. त्याच्यावर कॅलेंडर लावावं असं वाटलं, पण लावलं नाही.

बाई साधी होती रे. खाली पाटावर बसली, मांडी घालता येईना तरी बसली. तिला डबा उघडून दिला, तिने वांग्याची भाजी मागून घेतली. मग हेतलबेनकरवी तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, नाही, कुणी ओळखीचं नाही. मोहना दारात उभी होती. तुला ताप आला होता तेव्हा तुझ्या उशाशी बसलेली मोहना. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवून बाहेर गेली.

मग बाईने विचारलं, जाण्याबद्दल काही अडचण? माझ्या ओठांवर सगळं होतं. मकरपुरा, साडेबारा, चूल, चौदावा परिच्छेद. पण परिच्छेद काढला की सही निघणार, आणि सही निघाली की ‘ओळखत नाही’ म्हणालेलं तोंड कुठे लपवू? मी म्हटलं, ‘चालशे.’ गुजरातीत म्हटलं, म्हणजे या वेळी तरी लिहिणाऱ्याची चूक व्हायला नको.

माझं ‘चालशे’ गल्लीभर झालं, आणि बायका आता माझ्याकडे भाज्या चिरायला येत नाहीत. मोहनाने आपली चूल वेगळी केली. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नळावर मी गेले की बोलणं थांबतं. छत्तीस वर्षं या गल्लीत मान वर करून राहिले. तुझे मामा गेले तेव्हाही इतकी एकटी नव्हते. मला माझी लाज वाटते, आणि ती तुझ्यासाठी ओढवून घेतली याची जास्त वाटते.

आता एकच विचारते. तू तो परिच्छेद खरंच वाचला नव्हतास?

मामी

•

गांधीनगर
२ एप्रिल २०२५

ती. मामी,

वाचला होता.

हे दोन शब्द लिहायला मला आठवडा लागला. तुम्ही मला पळवाट दिलीत आणि मी ती घेतली. तुम्ही दिली नसतीत तर तशीच दुसरी शोधली असती, हेही खरं आहे. आता सगळं सांगतो, मध्ये काही गाळत नाही.

सभेत तुमचं वाक्य मी पुरतं ऐकलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात म्हणून मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत हेतलबेन वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिला शंका होती. तिने नीट विचारलं, ‘सर, ए बेन शुं बोल्यां? जमवानी ना पाडे छे?’ मामी, तिने विचारलं होतं. पूर्ण कचेरीत मराठी येणारा मी एकटा, म्हणून मलाच विचारलं. आणि मी म्हणालो, ‘हा, ना पाडे छे’, म्हणजे हो, जेवायला नाही म्हणतात. ती हसली, मीही हसलो. तिने तसं लिहिलं. तिला वाटत असेल, चूक तिची आहे. चूक तिची नाही आणि भाषेचीही नाही.

कारण विचाराल. या प्रकल्पावर नेमणूक झाली तेव्हा एक फॉर्म भरून द्यावा लागला. बँकेचा नियम आहे. त्यात विचारलं होतं की ज्यांची घरं जाणार आहेत त्यांत तुमचे नातेवाईक आहेत का. मी ‘नाहीत’ लिहिलं. ‘आहेत’ लिहिलं असतं तर मला या प्रकल्पावरून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं असतं, एवढंच. कुणी फासावर देणार नव्हतं. पण परदेशी पथकाबरोबर गाडीत बसायचं, त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं, हे मला फार आवडायला लागलं होतं. तुमची हरकत नोंदली असती तर चौकशीला कुणीतरी गल्लीत आलं असतं, आणि गल्लीत कुणालाही विचारलं तरी सौमित्र कोण हे कळलं असतं. म्हणून सोपं ते केलं.

आणखी खालचं एक कारण आहे, तेही लिहून टाकतो. सभेत तुम्ही मराठीत बोललात तेव्हा मला लाज वाटली. मागच्या रांगेतले लोक हसले. ज्या घरात कॉलेजची सहा वर्षं मी जेवलो, त्या घराची मला त्या टेबलामागे बसून लाज वाटली. तुम्ही फोटो उतरवलात, मी तर त्याच्या कितीतरी आधी उतरवला होता.

त्या दिवशी दारात उभा असताना मला सगळं ऐकू आलं. तुमचं ‘चालशे’सुद्धा. आजवर तुमच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता, तुम्ही नेहमी ‘चालेल’ म्हणता.

चार दिवसांपूर्वी मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘टाइपिंग भूल लखी नाखो, वात पूरी.’ नात्याचं काढायची गरज नाही, असंही म्हणाले. मी तसं, टायपिंगची चूक म्हणून, लिहायला बसलो होतो, खोटं बोलत नाही. अर्धं लिहिलं होतं. मग ते फाडून दुसरं लिहिलं आणि बँकेच्या तक्रार विभागाला सरळ पाठवलं. त्यात तुमचं वाक्य मराठीत जसंच्या तसं आहे, खाली अर्थ आहे, आणि हेतलबेनने मला विचारलं होतं व मी खोटं सांगितलं, हेही आहे. नलिनी शिर्के माझ्या मामी आहेत, असं शेवटी लिहिलं. प्रत सोबत जोडली आहे. ती गल्लीत वाचून दाखवा. शर्वरीला वाचू दे, ती काही गाळणार नाही.

मला प्रकल्पावरून काढलं आहे. पुढे चौकशी होईल. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही घ्याल, म्हणून सांगतो. नवी सभा घ्यायला लागेल एवढं नक्की. जागा कुठे मिळेल ते मला माहीत नाही, आणि या वेळी उगाच काही कबूल करत नाही.

एक विचारायचं आहे. एखाद्या रविवारी बडोद्याला येऊ का, तुमच्याकडे जेवायला? मोहनामावशींचीही माफी मागायची आहे.

सौमित्र

•

जुनी पागा, बडोदे
६ मे २०२५

सौमित्र,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला.

तुझी प्रत शर्वरीने ओट्यावर वाचली. वाचताना ‘हा, ना पाडे छे’पाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मीच म्हटलं, वाच पुढे. वाचून झाली. सगळ्या उठून कामाला गेल्या. मी तिथेच बसून राहिले. ‘वाचलं नसेल’ असं मी सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं, ते त्या सगळ्यांना आठवत असणार.

३ तारखेला नवी सभा झाली. लिहून घ्यायला दोघे होते, एक गुजराती आणि एक दांडिया बाजारातल्या निवृत्त मराठी मास्तरीणबाई. हेतलबेनही आली होती, आता ती त्या कामावर नाही, पण आली. तिने माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाली, मला नीट ऐकू आलं नाही. बायका एकेक करून बोलल्या. मोहना बोलली, तीही मराठीत, आणि मागे कुणी हसलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी आधी नाव सांगितलं आणि मग सांगितलं की ज्याने चौदाव्या परिच्छेदावर सही केली त्याची मी मामी, आणि मार्चमध्ये बाईला मी खोटं सांगितलं. मास्तरीणबाईंनी विचारलं, हे लिहू का? म्हटलं, लिहा. मग मकरपुऱ्याच्या बाजूच्या जागेचं सांगितलं. तेही लिहिलं आणि परत वाचून दाखवलं. निर्णय यायला दोन महिने लागतील म्हणे. मुदतीचा कागद पेटीवर चिकटवला आहे.

मोहना परवा पीठ मागायला आली होती. पीठ घेऊन गेली. चूल अजून वेगळीच आहे.

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. ते मी मनापासून म्हणते. तुझे मामा असते तर त्यांनी दोन मुस्कटात दिल्या असत्या आणि मग पाटावर बसवलं असतं. मी तशी नाही. मला वेळ लागतो. फोटो अजून ट्रंकेतच आहे.

रविवारी जेवायला येऊ का, असं विचारलंस. इतक्यात जमायचं नाही. याचा अर्थ कुणाला विचारायला जाऊ नकोस, तुला येतो.

नलिनीमामी